दिवेघाटातला प्रश्न



कीर्तनकाराला उलट प्रश्न विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. तो नारदाच्या गादीवर उभा राहतो, मागे टाळकरी, पुढे श्रोते. जे सांगावयाचे ते तोच सांगतो, आणि शेवटी सर्वजण माथा टेकवून आपापल्या घरी जातात. त्यामुळे चाळीस वर्षे मी जे बोलत आलो ते कोणाच्या प्रपंचात जाऊन काय झाले, याची चौकशी करण्याची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती. ती २०२४ सालच्या आषाढी वारीत आली. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते आज देतो आहे.

माउलींच्या पालखीचे पुण्यास दोन मुक्काम असतात हे आपण जाणताच. आमच्या दिंडीत बार्शीकडचे एक माळकरी गृहस्थ आहेत. सहा एकर जिरायत, एक विहीर, ती फाल्गुनात तळ दाखविणारी. त्यांचा मुलगा बी.एस्सी. होऊन २०१७ साली पुण्यास आला आणि सरकारी नोकरीच्या परीक्षांच्या अभ्यासास बसला. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या बाजूला अशी हजारो मुले राहतात. एका खोलीत चार-सहा खाटा, भाडे खाटेवर, जेवण खानावळीत आणि दिवसभर बैठक अभ्यासिकेत. अभ्यासिका म्हणजे आमच्या पाठशाळेसारखे काही असेल अशी माझी समजूत. त्या वर्षी पाहिली. हातभर रुंदीचे टेबल, दोन्ही बाजूंना आडव्या फळ्या, डोक्यावर दिवा, समोर चिकटवलेले वेळापत्रक. शेजारचा माणूस दिसत नाही, दिसू नये अशीच योजना. पाठशाळेत आम्हांला निदान शेजाऱ्याशी भांडता तरी येत असे.

दुसऱ्या मुक्कामी मुलगा वडिलांना भेटावयास आला. डझनभर केळी आणि पायांना लावण्याचे तेल घेऊन आला होता. वडिलांनी विचारले, "काय, निकालाचं काय झालं?" तो म्हणाला, "लागायचाय, आण्णा." वर्षाने भेटलेल्या पितापुत्रांचे संभाषण तेवढ्यात संपले, आणि दोघे येऊन माझ्या कीर्तनास बसले. मी त्या रात्री धीर या विषयावर बोललो. चांगले रंगले होते, असे लोक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सासवडपर्यंत चालतो म्हणून तो दिंडीबरोबर निघाला. हडपसर मागे पडले, दिवेघाटाची चढण लागली, आणि तो माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "महाराज, रागावणार नसाल तर एक विचारतो. तुम्ही दर वर्षी सांगता, की जो प्रयत्न करतो त्याला पांडुरंग देतोच. मी सात वर्षं प्रयत्न केला. मग माझा प्रयत्न खोटा, की तुमचं सांगणं खोटं? दोन्हींतलं एक तरी खोटं असलंच पाहिजे. तुमचं ऐकून आण्णा 'अजून एक वर्ष बघ' म्हणतात आणि पैसे पाठवतात. गेल्या साली एक एकर गहाण पडलं."

मी उत्तर दिले नाही. चढ होता, म्हणून मला दम लागला असे इतरांस वाटले.

चालता चालता त्याने आपला सर्व वृत्तांत सांगितला. पूर्वपरीक्षा तो तीन वेळा उत्तीर्ण झाला, मुख्य परीक्षेस दोनदा बसला, आणि एकदा मुलाखतीची यादी दोन गुणांनी हुकली. २०२० साली करोना आला, मुले गावी परतली. २०२१ च्या मार्चमध्ये चौदा तारखेस होणारी पूर्वपरीक्षा दोन-तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर मुले उतरली. शेवटी ती एकवीस तारखेस झाली. त्या गर्दीत हाही होता. आठवडाभराने काय बिघडते, असे मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचून म्हणालो होतो. ज्याने एका तारखेवर सगळे वर्ष टांगलेले असते त्याला काय बिघडते ते कळते. पुढे २०२३ साली तलाठ्यांची भरती निघाली. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांहून अधिक, आणि अर्जाचे शुल्क हजार रुपये, राखीव प्रवर्गास नऊशे. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत झाली. प्रश्नपत्रिका निरनिराळ्या, म्हणून काठिण्य पाहून गुण जुळवून घेतले, आणि दोनशे गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला दोनशे चौदा गुण पडले. तर्कसंग्रह शिकलेल्या माणसाला हे पचावयास वेळ लागतो. त्याच २०२४ च्या वारीच्या दिवसांत पोलीसभरतीची मैदानी चाचणी चालू होती. तेथे जागा सतरा हजारांवर आणि अर्ज सतरा लाखांवर. पावसापाण्यात पोरे धावत होती.

हे आकडे मी एवढ्याचसाठी देतो, की आपल्या गावात जो मुलगा 'अजून लागला नाही' त्याच्याकडे आपण आळशी म्हणून पाहतो. दोनशे जणांनी मनापासून अभ्यास केला तरी त्यांतला एकच बसेल एवढी ती पंगत आहे. उरलेल्या एकशे नव्व्याण्णव जणांनी भक्ती कमी केली, असे म्हणावयाचे काय? शिवाय खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा अडतीसपर्यंत आहे. ही सोय म्हणून दिलेली. पण दार उघडे आहे एवढ्यासाठीच माणूस दारात बसून राहतो. बंद झाले असते तर उठून दुसरीकडे गेला असता.

आता शास्त्राकडे वळू. माझी चूक मला शास्त्रानेच दाखविली. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान म्हणजे आधार, दुसरा कर्ता, तिसरी निरनिराळी साधने, चौथे नाना प्रकारचे व्यापार म्हणजे खटपट, आणि पाचवे दैव. ही पाच सांगून लगेच पुढे म्हटले आहे, की असे असता जो केवळ आपल्यालाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, त्याला दिसत नाही. हा श्लोक मी पाठशाळेत पदच्छेद-अन्वयासह पाठ केला आणि शेकडो वेळा अहंकाराच्या खंडनासाठी वापरला. यश मिळालेल्या माणसाला मी तो ऐकवीत आलो, की बाबा रे, सगळे तू केलेस असे समजू नकोस. अपयश आलेल्या माणसालाही तोच श्लोक ऐकवावयास हवा होता, हे कधी सुचले नाही. जागा किती निघाल्या, परीक्षा कधी झाली, घरात पुस्तकाला पैसा होता की नाही, ताप कोणत्या दिवशी आला, ही सारी कारणे त्या पाचांत बसतात. कर्ता त्यांतला एक. उरलेल्या चारांचा बोजा त्या एकाच्या डोक्यावर ठेवून 'तुझा प्रयत्न कमी पडला' म्हणणे हे गीतेच्या विरुद्ध आहे, आणि मी ते गीतेचे नाव घेऊन करीत होतो.

'प्रयत्न करणाऱ्याला देव देतोच' हे वाक्य मी कोठे शिकलो, याचाही मग शोध घेतला. कोणत्याही ग्रंथात मला ते सापडले नाही. ते टाळ्यांत सापडले. हे वाक्य टाकले की मंडप हलतो. भगवंतांनी तर कर्माचा अधिकार आणि फळाचा अधिकार स्पष्टपणे निराळे केले आहेत. फळाची हमी अर्जुनालासुद्धा दिलेली नाही.

नोकरीच्या शोधातली मानहानी नवीन नाही, हे जाणावयाचे असेल तर महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाची कथा पाहावी. आम्ही द्रोणाला एकदम हस्तिनापुरात, आचार्याच्या आसनावरच पाहतो. त्याआधी तो दारोदार फिरलेला माणूस आहे. घरात गाय नाही. अश्वत्थाम्याने श्रीमंतांच्या पोरांना दूध पिताना पाहिले आणि तो रडू लागला, तेव्हा त्या पोरांनी त्याला पिठाचे पाणी दूध म्हणून पाजले. आणि तो 'मी दूध प्यालो' म्हणून नाचू लागला. बापाने हे पाहिले. तो परशुरामांकडे गेला, तर त्यांनी आपले सर्व धन आधीच वाटून टाकलेले. आजच्या भाषेत जागा भरून गेल्या होत्या. अस्त्रविद्या तेवढी शिल्लक होती, ती मिळाली. विद्या पदरात आली, पण पोट तसेच. मग सहाध्यायी द्रुपद राजा झाला होता, त्याच्याकडे गेला. तो म्हणाला, मैत्री बरोबरीच्यांत असते; दरिद्र्याची आणि राजाची कसली मैत्री? ज्यांनी ओळखीच्या साहेबाच्या कचेरीबाहेर बाकड्यावर दिवस काढला असेल, आणि संध्याकाळी 'साहेब मागच्या दाराने गेले' असे ऐकले असेल, त्यांना या प्रसंगाचा अर्थ मी सांगावयास नको.

पुढे हस्तिनापुरात राजकुमारांची विटी विहिरीत पडली, द्रोणाने गवताच्या काड्यांनी ती काढून दाखविली, आणि भीष्मांनी त्याला ठेवून घेतले. नोकरी लागली, दूध-तुपाची ददात गेली. पण माझे म्हणणे यापुढचे आहे. नोकरी लागली तरी द्रुपदाच्या दारातला अपमान द्रोणाने सोडला नाही. शिष्यांकडून गुरुदक्षिणा मागितली ती द्रुपदाला बांधून आणण्याची. अर्धे राज्य घेतले. त्या अपमानातून द्रुपदाचा यज्ञ, यज्ञातून धृष्टद्युम्न, आणि धृष्टद्युम्नाच्या हातून द्रोणाचा अंत. आणि युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर नमस्कारास आला तेव्हा हाच थोर आचार्य त्याला सांगतो, की मी कौरवांच्या द्रव्याने बांधला गेलो आहे. केवढा हा ज्ञानी पुरुष, आणि शोधाच्या दिवसांतली एक जखम त्याने जन्मभर उघडी ठेवली. दिवेघाटातला तो मुलगा मला म्हणाला होता, "एकदा साहेब झालो ना महाराज, मग गावातल्या एकेकाला दाखवतो." तेव्हा मला द्रोण आठवला आणि भीती वाटली. असा साहेब झाला तर त्याच्या टेबलापुढे उभा राहणाऱ्या शेतकऱ्याचे काय होईल?

आता थोडे स्वतःविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर हा सगळा उपदेश दुसऱ्याच्या अंगावरचा होईल. लोक मला म्हणतात, "महाराज, तुमचा जन्मच कीर्तनासाठी झाला." मी हात जोडतो आणि गप्प बसतो. वस्तुस्थिती अशी, की पाठशाळेत कौमुदी आणि पंचदशी करून १९८४ साली मी बाहेर पडलो तो संस्कृतचा शिक्षक होण्यासाठी. एका शाळेने विचारले, पदवी कोठे आहे? दुसरीने विचारले, शिक्षणशास्त्राची पदवी कोठे आहे? तिसरीने ते काही विचारले नाही. इमारत-निधीला किती द्याल, एवढेच विचारले. दोन वर्षे मी एस.टी.च्या खिडकीतून सोलापूर जिल्हा पाहिला. अर्जासोबत जोडण्यासाठी दोन धोतरांपैकी एक कायम परीटघडीचे ठेवीत असे. शेवटी त्याच्या घड्यांवर ते विरले. मग बार्शीच्या भुसार पेठेत एका आडतीवर दिवाणजी म्हणून बसलो. ज्वारीच्या, तुरीच्या पट्ट्या लिहिणे, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याला हिशेब देणे. पहिले सहा महिने कोणी ओळखीचा दिसला की मी वहीत डोके घालीत असे. पाणिनीची सूत्रे शिकलेला माणूस तुरीची पट्टी लिहितो याची लाज वाटे. तेथे एकतीस वर्षे गेली. कीर्तन रात्रीचे, कथेचे मोल घेऊ नये हा तुकोबांचा दंडक मला पाळता आला तो त्या दिवाणजीच्या पगारामुळे. तेव्हा मी कीर्तनकार झालो तो नोकरी मिळाली नाही म्हणून, आणि कीर्तनकार राहिलो तो दुसरी मिळाली म्हणून. हे मी आजवर गादीवरून कधी सांगितले नाही.

त्या मुलाला हे घाटमाथ्यावर सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मग मीही आळंदीला जातो. चार वर्षं काढतो आणि कीर्तनकार होतो. आता चांगली बिदागी मिळते म्हणतात." १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली ती असल्या भरतीसाठी नव्हे, असे मी त्याला जरा तडकूनच म्हणालो. मग विचारले, "तुला येतं काय?" तो म्हणाला, "राज्यघटना येते, इतिहास येतो, भूगोल येतो." "तसं नव्हे. हाताला काय येतं?"

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मोटारी भरता येतात."

करोनात गावी होता तेव्हा तालुक्याची दुकाने बंद. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या तर न्यायच्या कोठे? गावातल्या एका जुन्या मिस्त्रीने याला हाताखाली घेतले. जळालेली गुंडाळी काढताना वेढे कसे मोजावयाचे, तारेची जाडी कशी जुळवावयाची, खाचेत कागद कसा घालावयाचा, वार्निश किती वेळ सुकू द्यावयाचे, हे सांगताना त्याचा आवाज चढला. पाच अश्वशक्तीची एक मोटार तीन दुकानांतून परत आलेली. ती याने भरली आणि अजून चालते आहे. सकाळपासून तो माझ्याशी बोलत होता, पण 'मी केले' असे प्रथमच म्हणाला. लगेच मान खाली घालून म्हणाला, "पण पदवीधर होऊन मोटारी भरू? लोक म्हणतील, साहेब व्हायला गेला आणि मिस्त्री होऊन आला. पोरगी कोण देईल?"

येथे कोणी विद्वान शंका घेतील, की स्वधर्म कठीण असला तरी सोडू नये अशी गीतेची आज्ञा आहे. मग धंदा बदला म्हणून कीर्तनकाराने सांगावे काय? शंका योग्य आहे. परंतु सरकारने ज्याची जाहिरात काढली ते पद हा कोणाचा स्वधर्म होत नाही. ते पद मिळाले तर तेथील काम हा स्वधर्म होईल. मिळेपर्यंत ती इच्छा आहे, आणि इच्छेला धर्माचे नाव देऊन सात वर्षे तिची पूजा करणे हा मोह. आपल्या संतांकडे पाहा. गोरोबांचे हात चिखलात, सावतोबा मळ्यात, नरहरी भट्टीपुढे, सेनामहाराज धोकटी घेऊन, जनाबाई जात्यावर. समोर नसलेल्या कामाची वाट पाहत समोरचे काम यांपैकी एकानेही टाकले नाही. शिवाय धंदा बदलणे मूळचेच निषिद्ध असते तर पांडवांचे काय? अज्ञातवासाच्या आधी युधिष्ठिर एकेका भावाला जवळ बसवून विचारतो, तू विराटाकडे कोणते काम करशील? भीम म्हणतो, मला स्वयंपाक येतो. नकुल म्हणतो घोडे, सहदेव म्हणतो गाई. अर्जुन स्वर्गात चित्रसेन गंधर्वाकडून नृत्यगायन शिकला होता. ते शिकताना त्याला त्याचा काय उपयोग वाटला असेल? त्याच विद्येवर त्याने वर्ष काढले. आणि शस्त्रे त्यांनी मोडून टाकली नाहीत. शमीच्या झाडावर बांधून ठेवली. पुरोहित धौम्यांनी तर राजाच्या पदरी नोकरी कशी करावी, कोठे बसावे, किती बोलावे, हेही समजावून दिले. एवढा व्यवहार आपल्या ग्रंथांत आहे, आणि आम्ही त्यांतून फक्त युद्ध सांगतो.

पण मला सर्वांत जास्त विचार करावयास लावले ते तुकोबांच्या चरित्रातील एका प्रसंगाने. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. वडिलोपार्जित महाजनकी, दुकान, सावकारी, सगळे बुडाले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुन्हा पुन्हा धंदा करून पाहिला. मिरच्या घेऊन कोकणात गेले आणि फसवले गेले. जिजाईंनी आपल्या नावावर रक्कम उचलून भांडवल दिले, तेही वाटेत कोणा अडलेल्याला देऊन मोकळे झाले, असे चरित्रकार सांगतात. आज आपण त्यांना जगद्गुरू म्हणतो, पण त्या काळी देहूच्या दृष्टीने ते एक दिवाळे निघालेले वाणी होते. पुढे त्यांनी मार्ग बदलला, तेव्हा सावकारीची खते इंद्रायणीत सोडण्याचे ठरविले. येथे थांबून पाहावे. त्यांनी सर्व खते बुडविली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा होता. तो त्यांचा त्यांना दिला, आणि आपल्या वाट्याची तेवढीच खते पाण्यात सोडली. वैराग्याच्या त्या भरातही हिशेब चोख होता. आपला वाटा सोडावयाचा अधिकार आपल्याला, भावाच्या वाट्याला हात लावण्याचा नाही. जिजाईंचा वाटा कोणी विचारात घेतला, हा प्रश्न राहतोच. त्या माउलीने तो संसार कसा ओढला हे आम्ही कीर्तनात हशा पिकवण्यासाठी वापरतो. मीही वापरले आहे.

सासवड जवळ आले होते. मी त्या मुलाला म्हणालो, "खते दोन ढीग करून मांड. तुझा ढीग कोणता, आण्णांचा कोणता? तू स्वतःची वर्षे घातलीस, ती तुझी. ती पाण्यात गेली म्हण, नाहीतर शमीवर ठेवली म्हण. पण गहाण पडलेलं एकर आण्णांचं आहे. त्यांना 'लागायचाय' म्हणून परत पाठवू नकोस. किती वेळा बसलास, किती गुण पडले, पुढे आशा किती, कोणाचे पैसे देणे आहेत, सगळं सांग. मग परीक्षा द्यायची की मोटारी भरायच्या, ते दोघं मिळून ठरवा." तो म्हणाला, "मला तोंड नाही. तुम्हीच सांगा." मी म्हणालो, "मी सांगणार नाही. मी सांगून सांगूनच ही वेळ आली."

त्या रात्री सासवडला तंबूच्या कडेला पितापुत्र बसलेले मी लांबून पाहिले. कंदील नव्हता, मोबाइलचा दिवा लावून मुलगा कागदावर काहीतरी लिहून दाखवीत होता. पहाटे तो पुण्यास परत गेला. वडील बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वाखरीला स्वतः आले आणि म्हणाले, "महाराज, पोरगं दोन गुणांनी हुकलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. मी समजत होतो अभ्यासच करत नाही." मग म्हणाले, "लोकांना काय सांगू? साऱ्या गावाला पेढे देईन म्हणून बसलोय."

मी त्यांना विठ्ठलपंतांची आठवण दिली. संन्यास घेऊन काशीस राहिलेला पुरुष गुरूंच्या आज्ञेने परत फिरला, रुक्मिणीमातेचा हात धरून पुन्हा प्रपंचास लागला. हे त्या काळच्या लोकांना सहन झाले नाही. पुढे गेलेला माणूस मागे आलाच कसा? वाळीत टाकले, मुंजी होऊ दिल्या नाहीत, शेवटी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि चार लेकरे उघडी पडली. ज्यांच्या पालखीबरोबर आपण दर वर्षी चालतो ती माउली परत फिरलेल्या माणसाच्या घरी जन्मास आली आहे. आळंदीकरांनी त्या वेळी विठ्ठलपंतांना 'आलात, बरे झाले, पाणी घ्या' एवढे म्हटले असते तर? आण्णा ऐकत होते. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि उठून पाणी भरावयास गेले. आता आपल्या प्रत्येक गावात पुण्याहून, मुंबईहून अशी मुले परत येतात, काही येण्याचेही टाळतात, आणि काहींनी तर जीव दिला आहे. पारावर बसून 'काय रे, लागला का निकाल?' म्हणून विचारणारे आपणच असतो, गळ्यात माळ घातलेले. तो प्रश्न आपण विचारू नये एवढी विनंती मी त्या आषाढीपासून प्रत्येक कीर्तनात करतो. धीरावरचे ते जुने निरूपण मात्र पुन्हा केलेले नाही.

मुलाने अर्ज भरलेली एक परीक्षा त्या वर्षी दिली, तीही गेली. दिवाळीनंतर सामान घेऊन गावी आला. पुस्तके पत्र्याच्या पेटीत घालून माळ्यावर ठेवली आहेत. म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शेजारी एक पत्र्याचा गाळा घेतला. उन्हाळ्यात मोटारी फार जळतात, तेव्हा काम असते. पावसाळ्यात हात रिकामा. गहाण अजून सुटलेले नाही. लग्नाचे जमलेले नाही. दोन ठिकाणी 'सर्व्हिस नाही' म्हणून नकार आला.

२०२५ च्या वारीत तो आण्णांबरोबर आळंदीपासून चालत होता. पुण्याच्या मुक्कामी दोघे मला घेऊन त्याच्या जुन्या खानावळीत गेले. तीन हजार आठशे रुपये देणे राहिले होते, ते त्याने खानावळीच्या बाईंपुढे मोजून ठेवले. बाईंनी ओळखले. आण्णांच्या गळ्यातली माळ, हातातली पताका पाहून त्या कौतुकाने म्हणाल्या, "मग काका, कुठल्या हुद्द्यावर लागला मुलगा?"

आण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मोटारी भरतो. पाण्याच्या."

"अगंबाई! आमची वरच्या टाकीची चार दिवस झाले बंद आहे," बाई म्हणाल्या. "बघतोस का रे जरा?"

तो पिशवी खाली ठेवून जिना चढून गेला. आण्णा पताका भिंतीला टेकवून बाकड्यावर बसले. मी म्हणालो, "चला, मंडळी कीर्तनाला खोळंबली असतील." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं महाराज. त्याचं झालं की येतो."